अभ्यागत नोंदवही

दरवर्षी जूनच्या तोंडावर मीच रंगवते फाटकावरचा फळा.
खारा वारा अक्षरं खातो, आणि खाण्यातही त्याची आवड ठरलेली:
आधी काने, मग वेलांट्या.
गेल्या साली ‘पालकांनी शांतता पाळावी’मधून
उरलं होतं ‘पलकंन शंतत पळव’.
पोरांनी शेवटचा शब्द तेवढा मनावर घेतला.

नियम पहिला: शाळेच्या वेळेत वर्गाकडे येऊ नये.
हा मीच सुचवलेला.
हलीमा मुकादम चालू पाढ्यात खिडकीतून डबा द्यायची
आणि बारा सक बहात्तरच्या पुढे
वर्ग जायचाच नाही. डब्यात मांदेली.

नियम चौथा: शिक्षकांसाठी काही आणू नये.
हा बांगड्यांमुळे, हातातल्या नव्हे.
यशोदा खवळेनं केळीच्या पानात बांधून सात आणले
नि ठेवले थेट हजेरीपटावर.
तिच्या मुलाच्या नावापुढचा तेलकट डाग
तपासणीच्या साहेबांनी दोनदा हुंगला.

सहाव्याचं कारण सगळ्या वाडीला माहीत आहे. लिहीत नाही.

सातवा फोटोंचा. वह्या वाटायला आलेल्या पाहुण्यांनी
पोरांना चाळीस मिनिटं उन्हात उभं केलं.
वह्या अकरा.

चपला काढा असं मात्र फळ्यावर कुठेच नाही.
तरी बाया पायरीखाली काढून ठेवतात,
जांभा तापलेला असला तरी,
आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर होत
मुलाची प्रगती विचारतात.

दिवाळीआधी एक दिवस, सव्वाअकराला,
प्रल्हाद कोयंडे आला.
बारा दिवस समुद्रात. बोट बर्फ नि डिझेल भरायला
बंदरात लागलेली.
त्यानं फळा वाचला, ओळीखाली बोट फिरवत, सगळा,
आणि फाटकाबाहेरच उभा राहिला.

म्हटलं, मधली सुट्टी दीडला.
म्हणाला, ‘बाराक पाणी सुकाक लागतला, बाई.’
मग माझ्याकडे न बघता,
‘आसांदे. नियम तो नियम.’

भांडला असता तर सोपं गेलं असतं.
भांडणाऱ्यांसाठी माझ्याकडे पाचवा नियम आहे.

मी नोंदवही पुढे केली.
नाव. गाव. आल्याची वेळ.
कोणाला भेटायचे: दूर्वा, इयत्ता तिसरी.
कामाचे स्वरूप: इथे पेन थांबलं.
नखांत खवलं, अंगठ्याला डिझेलचा काळा.
मग त्यानं लिहिलं, ‘बघणे’.

वर्गात जाऊन म्हटलं, दूर्वा,
नळावरून फळ्याचं फडकं भिजवून आण.
‘बाई, फडकं ओलंच आहे.’
आणखी ओलं कर.

नळ फाटकापासून चार पावलांवर.
नियमात वर्ग आहे. नळाचा उल्लेख नाही.

खिडकीतून दिसलं तेवढं सांगते.
त्यानं तिला जवळ घेतलं नाही.
गजांतून दोन्ही हात पुढे केले,
तिनं त्यांवर फडकं पिळलं, खडूचं पांढरं पाणी,
पुन्हा भिजवलं, पुन्हा पिळलं.
हात नीट चोळून झाल्यावरच
त्यानं तिचे गाल धरले.
मग फाटकाच्या आडव्या पट्टीशी तिचं डोकं मोजलं
नि पट्टीवर नखानं रेघ ओढली.
(शाळेच्या मालमत्तेस इजा करू नये: नियम आठवा.)

ती परत आली तेव्हा फडकं
नेलं होतं त्याहून कोरडं.

बोटीचा भोंगा वाजला तेव्हा आम्ही वजाबाकीत होतो,
दशकाकडून उसने घेत.
दूर्वानं मान वर केली नाही. उसने घ्यायचे मात्र विसरली.

नोंदवहीत त्या ओळीचा शेवटचा रकाना रिकामा राहिला.
केंद्रप्रमुखांनी त्याभोवती लाल गोल काढला,
समासात लिहिलं, ‘गेल्याची वेळ? खुलासा करावा.’
दोन दिवस मी वही मिटून ठेवली.
मग निळ्या शाईनं, गोलाच्या आत मावेल एवढं:
पाणी होतं तोवर.