मागचं तोंड

इनास फर्नांडिस रेडीहून एसटीने आला,
मांडीवर पिशवी,
पिशवीत सतरा खापऱ्या.
आमच्या ओट्यावर एकेक मांडल्या त्याने
वाटणीला बसल्यासारख्या.
"वयनी, ह्याच घुमट माका परत होया.
आवाज तसोच."

आवाज खापरीत नसतो,
हे कुंभारणीने गिऱ्हाइकाला कसं सांगावं?
खापरीत असते नुसती जाडी.
तो ज्या पोकळीत राहत होता
ती फुटल्या क्षणी रेडीच्या वाऱ्यात मिसळली.

तरी सुतळीने मापं घेतली.
पोटाचा घेर सव्वातीन विती. मान चार बोटं.
मागच्या तोंडाचा तुकडा तेवढा नव्हता.
"हरवलो," म्हणाला,
आणि माडांकडे पाहत राहिला.

सासरे चाकापाशी बसवून सांगायचे:
पोट वाढव, आवाज खाली बसेल
जेवल्या माणसासारखा.
मान लांबव, आणखी खाली.
मागचं तोंड ऐसपैस ठेवलंस
तर तो चढेल, पोरासोरांचा होईल.
आणि माती वाळताना, भाजताना अंग चोरते,
तेव्हा दर वितीमागे बोटभर
आधीच उधार घाल.

पहिलं घुमट भट्टीत तडकलं.
दुसऱ्यावर बकऱ्याचं कातडं ताणलं
(घोरपडीचं आता कायद्यात बसत नाही,
इनासनेही तो विषय काढला नाही),
दोन दिवस सावलीत ठेवलं.
त्याने ते काखेत घेतलं,
उजव्या हाताने थाप, डावा तळवा मागे.
घुम् म्हणावं असं काही निघालं नाही.
ओठ न मिटता कुणी 'म' म्हणू पाहावं, तसं.
"तो न्हय."
पुन्हा वाजवलं.
"न्हय, वयनी."

मी सुतळी पुन्हा लावली. मापं बरोबर होती.
मग त्याचा डावा हात पाहिला.
ट्रॉलरच्या दोरात सापडलेला,
करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट
आत मुडपून तिथेच थिजलेलं.
तळवा टेकला तरी एका बाजूने
वारा निसटत होता.

"जुनं फुटलं कधी?"
त्याने पाणी मागितलं. प्यायला. तांब्या उपडा ठेवला.
"फुटूक नाय.
मिया फोडलंय."

मी ओल्या मातीचा गोळा पुढे सरकवला.
"दाब."
वाकडी बोटं, मधला खळगा,
लग्नातल्या अंगठीचा वण,
सगळं उमटलं.

तिसऱ्या घुमटाचं मागचं तोंड
मी त्या ठशावर बेतलं.
गोल नाही. एकीकडे ओठ पुढे काढलेला,
बसलेल्या बोटांना भेटायला आल्यासारखा.
सासऱ्यांनी पाहिलं असतं
तर चाकावरून उचलून चिखलात परत टाकलं असतं.

ते वाजलं.
तळवा टेकला की मिटायचं,
उचलला की उघडायचं,
मधल्या अर्ध्या जागेत हुंकारायचं.
जुन्यासारखं? मी जुनं ऐकलंच नव्हतं.
मला जरा घोगरं वाटलं.
इनास 'तसोच' म्हणाला नाही,
'न्हय'ही म्हणाला नाही.
शेवटची गाडी चुकेल म्हणत वाजवत राहिला,
आणि ती चुकली.

खापऱ्या इथेच राहिल्या.
कुटून पुढच्या मातीत घातल्या मी,
भाजलेला चूर असला की नवी माती कमी तडकते.
तिच्या सहा घागरी झाल्या, पाच विकल्या.
सहावी आमच्या नळाखाली आहे.

पाणी चढतं, पोकळी लहान होत जाते,
आवाज पायरी पायरीने वर येतो.
चुलीपाशी पाठमोरी असले तरी
मानेपाशी आलं की कळतं.
उठून नळ बंद करते.
काठोकाठ भरत नाही मी ती घागर.