शीव

पाकीट मॉरिशसहून आलं, बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाकघरात.
वर लिहिलेलं: टूथब्रशचे डबे, नग दोन, भेट.
आत ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या
आंब्याच्या काड्या, पेन्सिलीएवढ्या जाड,
टोकांना मेण.
चिठ्ठीची लिपी रोमन, भाषा मराठी:
इनासकाका, झाड मजेत आहे.
तुमचं तुम्हाला पाठवते. शेवंती.

मी भिंग घेतलं.
एकोणीस डोळे मोजले, सगळे मिटलेले.
विसावा कापताना गेला असावा.

कलम हा शब्द मी दिवसातून शंभरदा लिहिते
आणि एकदाही झाडाचा नसतो.
आयात परवाना नाही, रोगमुक्तीचा दाखला नाही,
कलम अमुक, पोटकलम तमुक,
कलमाखाली कलम जप्त.
आमच्या खात्यातला जुना विनोद. आता कोणी हसत नाही.

दुसऱ्या दिवशी इनास किणी आले,
कोले कल्याणचे, वय चौऱ्याहत्तर, शर्टाला कडक इस्त्री,
खिशातून डोकावणारी कलम बांधायची पट्टी.
म्हणाले, बाय, हे परदेशी नाय.
बारा वर्षांमागं मीच दिल्या त्या पोरीला काड्या.
पणज्याचं गाव शोधत आलेली,
महिनाभर कोकण फिरली, गाव सापडेना.
म्हटलं, निदान आंबा तरी ने.
माझ्या दारातला, मोठीबायचा आंबा म्हणायचे त्याला.
आता तिथं पार्किंग आहे,
जमिनीच्या खाली दोन मजले.
दिलं तेवढंच उरलं बघ.

मी भिंग त्यांच्याकडे सरकवलं.
सातव्या डोळ्याच्या बेचक्यात खवले कीड,
पांढरट, टाचणीच्या डोक्याहून लहान.
ती तिकडची,
की तेव्हा इथूनच काडीला चिकटून गेलेली
आणि आता घरी परतणारी,
हे भिंगाला कळत नाही.
ते बराच वेळ बघत राहिले.
आहे खरी, म्हणाले.

पंचनामा इंग्रजीत लिहायचा असतो. मालाचं वर्णन: सायन वुड.
मी सायनला राहते. म्हणजे शीवला.
पाटीवर दोन्ही नावं आहेत, आणि घाईत कोणी
दुसऱ्या नावाचा अर्थ विचारत नाही.
शीव म्हणजे हद्द. मुंबई इथे संपायची,
पलीकडे साष्टी, दुसऱ्याचं राज्य.
इनासकाकांचं कोले कल्याण तेव्हा परमुलुख.
मधे खाडी होती, आता सिग्नल आहे,
आणि हद्द कधीतरी कोणाला न सांगता
उठून माझ्या टेबलावर आली.

काड्या जाळल्या. नियम आहे,
आणि नियम बरोबर आहे:
एवढ्याशा खवल्याने वाळलेल्या बागा मी पाहिल्यात.
ओलं लाकूड पटकन पेटत नाही.
आधी मेण गेलं, मग शेवंतीचं वर्तमानपत्र,
मग चीक चुरचुरला
आणि त्या कोंदट खोलीत
कैरीचं देठ मोडल्यावर येतो तो वास आला.
शिपायाने खिडकी उघडली.
मी उघडली नसती.

ते थांबले होते. परवान्याचा अर्ज मागितला,
तिथेच भरायला बसले.
बाराव्या रकान्यात, वस्तूचा मूळ देश,
पेन टेकवलं, उचललं,
रकाना कोरा ठेवून तेराव्यावर गेले.

उठताना सहज म्हणाले,
खुंट कापून ठेवलाय मी. परवाच.
मोबाईलवर मेसेज आला, मुंबईत पोचलं म्हणून.
चीर दिली, ओलं फडकं बांधलं.
वाटलं, आज येईल, उद्या येईल.

मी विचारलं, मग आता त्याचं काय?

काय व्हायचंय, म्हणाले.
भरून काढतो तो. खालनं फुटतो.
गाठ तेवढी राहते.
पुढल्या वर्षी गाठीच्या खाली कापायचा.