खिशात काय आहे

पंचवीस उत्तरं पाठ होती.
तुमचा सगळ्यात मोठा दोष? फार बारकाईनं बघतो, मॅडम.
पाच वर्षांनी कुठे असाल? इथेच, पण वरच्या मजल्यावर (हसून).
हसायचं कुठे, तेसुद्धा
प्रज्ञाताईच्या नवऱ्यानं कंसात लिहून दिलं होतं.

बॅलार्ड इस्टेट, तिसरा मजला.
जहाजावरच्या मालाचा विमा उतरवणारी कंपनी.
एसी असा, की कन्नमवार नगरातून निघताना आलेला घाम
पाठीवर जागच्या जागी गार पडला.

टेबलापलीकडे दोघं. एक साहेब मोबाईलमध्ये.
दुसऱ्या सुनावाला बाई, साठीच्या, चष्म्याला मण्यांची साखळी.
त्यांनी माझा अर्ज पालथा घातला, वर पेपरवेट ठेवलं
आणि म्हणाल्या,
"खरात, तुमच्या खिशात आत्ता काय काय आहे?"

हे पंचवीसात नव्हतं.

कोट डेन्झिलचा.
कलिना गावठाणात बहिणीच्या लग्नाला शिवलेला,
बाह्या मला दोन बोटं लांब.
सकाळी त्यानंच चढवला, खांद्यावरून ब्रश फिरवला,
म्हणाला, "सरळ उभा राहा, मेन."
खिसे बघायचं दोघांनाही सुचलं नाही.

हात घातला.
आपणच आपली झडती घेतो तेव्हा
बोटं हवालदाराची होतात.

एक बाटलीचं बूच.
एक पांढरं बटण, दोरा अजून लोंबतोय.
एक बदाम, साखरेत घोळलेला, जाळीच्या कापडात बांधलेला.
आणि वहीचा कागद, चार घड्यांचा.

ओळीनं मांडलं सगळं.
मोबाईलवाले साहेब वर बघायला लागले.
घशाशी तीन उत्तरं एकदम आली
आणि तिन्ही बरी होती.
बटणावरून तर मी काटकसरीवर
दोन मिनिटं सहज बोललो असतो.

म्हणालो, "कोट माझा नाही."

"मग कुणाचा?"
"डेन्झिल परेराचा. मित्र आहे."
"आणि हा कागद?"
"वाचलेला नाही."
"वाचा की मग."

घडीतून उलटी शाई दिसत होती,
निळी, खोडलेली, परत लिहिलेली, परत खोडलेली.
मला आठवलं, लग्नात तो बोलायला उठला होता,
हातात ग्लास, सगळा मांडव त्याच्याकडे वळलेला,
आणि एक शब्द न बोलता खाली बसला होता.
बँडवाल्यांनी सांभाळून घेतलं.

"नाही वाचणार, मॅडम.
माल दुसऱ्याचा आहे."

बाईंनी चष्मा काढला. हसल्या वगैरे नाहीत.
बदाम तेवढा माझ्याकडे सरकवला,
"खाऊन टाका, मुंग्या लागतील."
खाल्ला.
तोही दुसऱ्याचाच, हे जिना उतरताना सुचलं.
तोवर दाढेत अडकलेलं साखरेचं पापुद्रं उरलं होतं.

"कळवू," म्हणाले होते साहेब.
हा शब्द मी याआधी अकरा ऑफिसांत ऐकलाय,
प्रत्येक ठिकाणी त्याचा सूर तोच.

खाली दगडी कमानीत कस्टमचे दलाल
मांडीवर फायली घेऊन शिक्के मारत बसले होते.
रुमाल काढायला पँटच्या खिशात हात घातला
आणि हाताला लागली पंचवीस उत्तरं,
घामानं मऊ पडलेली, कंसांसकट.

बाईंनी नुसतं "खिशात" विचारलं होतं.
कोटाच्याच, असं कुठे म्हणाल्या होत्या?
परत वर जाऊन सांगावं का, असा विचार
तीन पायऱ्या टिकला.

रात्री कोट परत केला.
बूच, बटण, कागद, सगळं होतं तिथे, घड्या तशाच.
डेन्झिलनं खिसा चाचपला,
नोकरीचं काहीच विचारलं नाही.
माझ्याकडे बघत म्हणाला,
"बदाम?"