झाकली पाटी

ससून डॉकवर एकतीस वर्षं मी लिलाव पुकारला.
कोलंबी, मांदेली, कधीमधी एखादी घोळ,
पाटी उघडी ठेवूनच.
झाकल्या पाटीवर बोली लावायची नसते,
हे सासूनं शिकवलं.
मिश्रीही तिनंच.

आता परळला, तळघरातल्या मशीनखाली
माझं तोंड जाळीच्या मुखवट्यात घालून टेबलाला जखडतात.
जाळ्यात कसं वाटतं ते या वयात कळलं.
बाहेर कोणीतरी मोजतं: आज एकोणीस.
तेहतीसला सुटका.

थुंकी आटली.
बंदरावर जन्मलेलीला हे सांगून पटलं नसतं,
की ओहोटी लागते आणि पाणी परत येतच नाही.
उरतो चिखल, त्यात रुतलेली जीभ.
गालांत फोड. वरणाचं पाणीही काचेसारखं जातं.

डॉक्टरीण पोरसवदा. टॉर्च मारून आत बघते,
मी कल्ला उचलून बघायचे तशी.
म्हणाली, मावशी, तोंडातही एक वस्ती असते.
किरणांनी भले जंतू उठून गेले, दांडगे उरले.
ही गोळी चघळायची, दिवसातून तीनदा,
हिच्यात भले जंतू आहेत, जिवंत.
गुण येतो का, तेच तर बघायचंय.
म्हणून अर्ध्यांना जंतू, अर्ध्यांना नुसती पिठी,
आणि कोणाला काय, ते मलाही ठाऊक नाही.

मी हसले. एक फोड फुटला.
झाकली पाटी!
तरी सही केली, पूर्ण नावाची:
चांगुणा पोसू वैती.

सून म्हणाली, मग दहीच खा, तेही जंतूच की.
आमच्या घरात माशांपुढे दह्याला कोण विचारतो!
तिनं शेजारणीकडून विरजण मागून आणलं,
दोनदा फसलं, तिसऱ्यांदा घट्ट लागलं.
डॉक्टरीण म्हणाली, पेशी उतरल्यात, घरचं दही आत्ता नको.
सून वाटी धरून उभी राहिली,
मग मीठ घालून स्वतःच खाल्लं,
माझ्याकडे न बघता.

बाकावर शेजारी गोवंडीची नूरबानू. तिचीही गोळी.
आम्ही दोघी आ करून एकमेकींना दाखवतो.
ती म्हणते, तुझीच खरी. मी म्हणते, तुझी.
एकदा अदलाबदलीचं मनात आलं होतं,
पण डबीवर नंबर, आतला माल मोजलेला.
मोजल्या मालात मी कधी हात घातला नाही.

रात्री मीठ-सोड्याच्या गुळण्या झाल्या
की गोळी जिभेवर ठेवते.
ती विरघळेना, तेव्हा चमच्यानं थेंबभर पाणी.
आत कोणी असेलच, तर त्यांना सांगते,
या, जागा रिकामी आहे.
आधीच्यांना मीच तंबाखूनं छळलं, ते मनात धरू नका.
आणि नसाल,
तर नसाल. मी बोलले, तेवढं बरं वाटलं.

आज सव्वीस.
नूरबानू अजून आली नाही.
तिच्या जागेवर मी माझी पिशवी ठेवलीय.
खिडकीतून तिचं नाव पुकारलं,
एक वार.
दोन वार.
मी हात वर केला.
आवाज फुटेना, तरी ओरडले:
थांब गं, येतेय ती.