जांभळा डाग

संध्याकाळी पाच दहाला
ज्वारीच्या दोन ट्रेवर मी बुरशी फवारली.
मुद्दाम. वहीत वेळ टिपून.
वरून प्लास्टिक ओढलं, ओल राहावी म्हणून,
आणि गणेशखिंडीचा उतार उतरून
औंधच्या बसची वाट बघत
भेळ खात उभा राहिलो,
एखाद्या भल्या माणसासारखा.

दुसऱ्या दिवशी भिंगाखाली:
बीजाणू पानाला चिकटलेला,
टोकाला फुगून खाली दाब देणारा.
आणि ज्या पेशीच्या दारात तो,
तिच्या आत नारिंगी थेंब.
काल नव्हते. कुणी आणून दिले नाहीत.
ऊन, पाणी, ट्रेमधली मूठभर माती,
एवढ्यावरच शिजवलेले.
थेंब दाराकडे सरकले. जमले. फुटले.
बुरशीचा तंतू जागच्या जागी आखडला,
पेशीही गेली.
विष वाढताना तिने
स्वतःचं ताट वेगळं काढलं नव्हतं.

इंदूबाई ढमढेरे वाफ्यांना पाणी देतात. शिरूरकडच्या.
त्यांना दाखवलं.
एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिल्या.
"हरभऱ्याला आंब धरते, तसलंच की हे.
थंडीत पहाटे फडकं फिरवायचो पाल्यावर,
पिळून बाटलीत भरायचो,
पोट दुखलं की दोन थेंब.
अनवाणी गेलं त्या रानात तर पाय चिरायचे.
मुकं असतंय झाड, पण गरीब नसतंय."
मग धावल्या. नळ तसाच चालू राहिला होता.

तिसऱ्या दिवशी पहिल्या ट्रेवर जांभळे ठिपके,
शाईचं पेन झटकल्यासारखे.
दुसरा ट्रे हिरवागार, कोरा,
फोटो काढण्याजोगा.
त्याच्यापुढे मी लिहिलं: निरोगी.

सहाव्या दिवशी कोरा ट्रे आडवा झाला.
पानं भिजल्या वर्तमानपत्रासारखी,
वर गुलाबीसर, बुळबुळीत पीक,
बुरशीचं.
तेच रसायन त्यांनाही येत होतं.
उशिरा सुचलं, इतकंच.

इंदूबाईंनी पदर खोचून मेलेला ट्रे उचलला
तेव्हा दंडावर दिसल्या
देवी काढल्याच्या दोन खुणा,
जुन्या आठ आण्याएवढ्या.
मी काही बोललो नाही.

वहीत "डाग" हा रकाना मी
"रोग" या मथळ्याखाली आखला होता.
पेनाने.