काळ्या वाळूचा माणूस

तिसरी पाळी सुटली की मी लगेच घरी जात नाही.
शिरोलीतून गाडी काढतो, शहराला वळसा घालून
प्रयाग चिखलीला येतो,
संगमाच्या खाली, ऊस संपतो त्या बांधाला.
चैतात पाणी उतरलं की नदी तिथं थोडी वाळू उघडी टाकते.
फार नाही. दोन खाटा मावतील एवढी.

चपला लांब काढाव्या लागतात.
पाऊल पडलं की खेकड्याला पोटातून कळतं
आणि काठभर नुसती भोकं उरतात,
कुणी राहतच नव्हतं अशी.

मग बसायचं.
आधी डोळे येतात. देठावरचे दोन,
मोहरीच्या दाण्याएवढे.
मी दगड आहे का, ते बघतात.
मग एक नांगी, मग उरलेला जीव,
आणि कुशीला धरून आणलेला ओला गोळा.
दाराशी ठेवतो. थापतो. आडवा आडवा परत आत.
परवा मी एकोणीस गोळे मोजले.
एकोणीस फेऱ्या,
आणि बिळाचं तोंड एकदाही ढासळलं नाही.

ह्यातलं थोडं मला कळतं.
बावीस वर्षं मीही वाळूच रचतोय.
आमची वाळू काळी, कोळशाच्या भुकटीची,
मुठीत दाबली की बोटांचे ठसे धरणारी.
पेटीत भरायची, ठोकायची,
पॅटर्न श्वास रोखून वर घ्यायचा.
लोकांना वाटतं आम्ही लोखंड घडवतो.
आम्ही पोकळी घडवतो.
लोखंड आपलं आपण येऊन बसतं.

एकदा बाबालाल मुजावरला घेऊन आलो.
तो म्हणाला, ह्यांचा रस्सा कर, बघत काय बसतोस?
पण बसला.
डाव्या अंगाचा एक खेकडा बाहेर आला,
एक नांगी पुरती, दुसरी कोवळी,
हरभऱ्याच्या घाट्याएवढी, नुकती फुटलेली.
मी सांगितलं, तुटली की परत येते ह्यांना,
दर कात टाकताना थोडी थोडी मोठी होते.
बाबालाल हसला. "आयला,
ह्यास्नी कंपनी नवी देती की रं!"
मग बराच वेळ त्याचा उजवा हात
खिशातच होता.
त्या हाताला तीनच बोटं आहेत.
परत कधी आला नाही. मीही बोलावलं नाही.

गेल्या आठवड्यात लव्हाळ्याच्या मुळाशी
एक अख्खी कात सापडली.
डोळ्यांची देठं, पायांवरची लव,
नांगीचे दात, सगळं जिथल्या तिथं,
फक्त पाठीमागं एक फट, आणि आत कुणी नाही.
उजेडाला धरून बघितली.
कुठं जोड नाही, बुडबुडा नाही,
तपासणीला लाल खडू मारावा अशी जागा नाही.
एवढा स्वच्छ साचा आमच्या शॉपमध्ये
अजून कुणी काढला नाही.
आणि ज्यानं काढला तो कुठंतरी आत,
लोण्यासारखा मऊ,
काही दिवस कुणालाही भिऊन बसलेला.

ती कात मी डब्यात ठेवून घरी नेली.
सुगंधा म्हणाली, वास मारतोय.
खरंच मारत होता. उंबराच्या बुडाशी पुरली.

आज डोळे आले, नांगी आली,
गोळा आला. दाराशी जागा भरली होती,
म्हणून तो थोडा पुढं सरकला
आणि गोळा माझ्या अंगठ्याला टेकवून ठेवला.
थापला दोनदा.
गार लागला.
नखात कारखान्याची काळी कड होती,
तिच्यावर नदीची तांबूस बसली.

दुसरा गोळाही तिथंच आला.
तिसरा येताना मला खोकला आला.