समासातली पेन्सिल

हेक्समच्या लायब्ररीत, मोठ्या टायपाच्या कपाटात
रोमनांना एक अख्खा खण दिलाय.
मुखपृष्ठावर बहुधा पाठमोरा माणूस,
लाल झगा, उपसलेली तलवार,
आणि आभाळाला आग लागलेली.

विल्फ्रेड चार्लटन दर मंगळवारी तीन नेतात.
एकोणतीस वर्षं त्यांनी भिंतीलगतच्या रस्त्याने बस चालवली.
आता गुडघ्यावर हात ठेवून जिना उतरतात
आणि घरी बसून समासात
लेखकाशी भांडतात, बारीक अक्षरात:

‘बटाटा? अजून चौदाशे वर्षं आहेत.’
‘घोड्याला रिकिबी कुठून आल्या?’
‘एप्रिलात या नदीला एवढं पाणी नसतं. मी रोज पूल ओलांडलाय.’
‘असल्या वाऱ्यात भाषण कोण ऐकतंय!’

ते खोडणं माझं काम.
पुस्तक परत आलं की पानं चाळायची,
रबर फिरवायचं, भुगा फुंकायचा.
खोडता खोडता वाचलं जातं.
नायक चांगला असतो.
त्याला गुलामगिरी पटत नाही,
देवांचं तो फारसं मनावर घेत नाही,
बायकोला विचारून लढाईला जातो.
शेजारी राहायला आला तर
गावाला जाताना किल्ली त्याच्याकडेच ठेवावी, असा.
दोन हजार वर्षं मागे जाऊन
आपण आपल्याच गल्लीत उतरतो.

परवाच्या पुस्तकात, पान दोनशे बारा:
एक पोरगा घोड्यांना पाणी आणतो
आणि पुढच्याच परिच्छेदात मरतो,
नायकाला राग यावा म्हणून.
समासात विल्फ्रेड:
‘याचं नाव काय?’

रबर हातातच राहिलं.
जुन्नरच्या डोंगरात, शाळेच्या सहलीत,
बाईंनी कातळावरची एक ओळ बोटाने वाचून दाखवली होती.
कुणी यवन. इरिल नावाचा.
समुद्र ओलांडून आला की इथेच जन्मला, ठाऊक नाही.
कुणाला मारलं, कुणावर प्रेम केलं, काही नाही.
देयधम बे पोढियो.
दोन पोढ्या दिल्या. एवढंच.
आम्हाला तहान लागली होती, आणि बाई म्हणाल्या,
हे पाणी प्यायचं नाही, शेवाळ आहे.

मग दिसलं,
विल्फ्रेडच्या प्रश्नाखाली दुसरंच अक्षर,
निळ्या बॉलपेनचं, जरा तिरकं:
‘ट्रेव्हर.’

मी एकटीच हसले, काउंटरवर, मोठ्याने.
वर्तमानपत्र वाचणाऱ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
शाई रबराने जात नाही.
नियमाप्रमाणे ‘खराब’ असा शिक्का मारून
पुस्तक बाद करायला हवं होतं.

खणात लावून टाकलं.
बाहेर पाठमोरा माणूस, पेटलेलं आभाळ.
आत दोनशे बाराव्या पानावर ट्रेव्हर
दोन्ही हातांत बादल्या घेऊन,
पाणी सांडू नये म्हणून
हळू चाललाय.